परसबागेतील अपयश : 'काय मारू?' विचारण्याआधी

मृग लागला की खासबागच्या रविवारच्या बाजारात मिरची, वांगी, टोमॅटोच्या तरूच्या जुड्या येऊन बसतात. आपल्याकडे रोपाला तरू म्हणतात, मग ते भाताचे असो, भाजीचे असो की निपाणीकडच्या तंबाखूचे. खासबाग म्हटले की कोल्हापूरच्या पाव्हण्यांना कुस्तीचे मैदान आठवते. आपल्या खासबागेतली बाग मात्र घराघराच्या परड्यात, गच्चीवर आणि जिन्याच्या कडेला मांडलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत आहे. जूनमध्ये सगळ्यांचा उत्साह सारखाच असतो. जुलैच्या शेवटी मात्र मंडळाच्या सभासदांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "झाड पिवळं पडलंय, काय मारू?"

हा प्रश्न आम्हीही पहिली तीन वर्षे विचारत होतो. बँकेत असताना एखादे कर्ज थकले की नोटीस काढण्याआधी आम्ही कारण बघायचो. पीक बुडाले का, घरात आजारपण आले का, की माणूस मुद्दामच टाळतो आहे? परड्यात मात्र पान जरा वाकडे झाले की थेट नोटीस, म्हणजे फवारणीचा पंप. त्या तीन वर्षांत आमची किती रोपे किडीने गेली आणि किती आमच्याच हाताने गेली याचा हिशेब मांडला, तर दुसरा आकडा मोठा निघेल. तेव्हा परसबागेत काय काय बिघडते, ते कसे ओळखायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे आमच्या अनुभवाने आणि जाणकारांना विचारून जेवढे कळले तेवढे लिहीत आहोत.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण आपल्या भागात पावसाळ्यात झाड मरते ते बहुधा पाण्यानेच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याजवळ आहे. इथला जुलैचा पाऊस तासभर कोसळून थांबणारा नसतो. तो आठ-आठ दिवस नुसता रिपरिपत राहतो, ऊन दिसत नाही आणि माती वाळतच नाही. बळ्ळारी नाल्याचे पाणी वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भातात शिरते ते आपण दरवर्षी बघतो. भाताला थोडेफार पाणी चालते. मिरचीला दोन दिवसही चालत नाही. मुळाला हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते, कुजते आणि वरचे झाड पिवळे पडून माना टाकते. गंमत अशी की पाणी जास्त झालेले झाड दिसायला तहानलेल्या झाडासारखेच दिसते. आम्ही ते बघून आणखी एक तांब्या ओतायचो.

परड्यातली जमीन पाणी धरते का हे बघायला साधी चाचणी आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी चार तासांतही जिरले नाही तर त्या जागी सपाट वाफा करू नये. आमच्या परड्यातली माती काळी, चिकण. तिथे दुसऱ्या वेळचे पाणी सकाळी भरले ते संध्याकाळपर्यंत तसेच होते. तेव्हापासून आम्ही वीतभर उंच गादीवाफे करतो आणि दोन वाफ्यांमधून पाणी रस्त्याच्या गटारीकडे काढून देतो. एवढ्या एका गोष्टीने निम्मी मर थांबली. कुंड्यांचेही तेच. खालची भोके मातीने बुजलेली असतात आणि कुंडी सपाट फरशीवर ठेवली की पाणी बाहेर पडायला जागाच नसते. तीन विटांचे तुकडे खाली सरकवले की काम होते.

कोवळे तरू बुंध्याशी पातळ होऊन आडवे पडणे हाही पाण्याचाच प्रकार. बी दाट पेरलेले, माती ओली, वारा नाही, की मातीतली बुरशी बुंध्याला लागते आणि रात्रीत सगळा ट्रे झोपतो. याला उपाय नंतरचा नाही, आधीचा आहे. बी विरळ टाका, मे महिन्याच्या मध्यालाच छपराखाली पेरा, म्हणजे मोठा पाऊस धरायच्या आत रोप दांडगे होते. पेरणीआधी शेणखतात ट्रायकोडर्माची पूड मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवली तर आणखी बरे. ही स्वतः बुरशीच आहे, पण रोगाच्या बुरशीला खाणारी.

पिवळेपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. खालची जुनी पाने सगळीच्या सगळी पिवळी होत असतील आणि माती फार चिंब नसेल, तर पावसाने नत्र वाहून गेले आहे असे समजावे. मूठभर शेणखत किंवा गांडूळखत घातले की नवी वाढ सुधारते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या, पांढरा थर आलेल्या कुंड्यांत हे हमखास दिसते. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. पावसाचे पाणी साठवून घालणे आणि माती बदलणे हाच त्यावर खरा इलाज.

आता मर रोगाकडे येऊ. आमचे सर्वांत मोठे नुकसान याने केले. एका वर्षी टोमॅटोची बारा रोपे छातीएवढी झाली होती, घोस लागले होते. एक दिवस दुपारी एक झाड मलूल दिसले. पाने हिरवीच, फक्त लोंबलेली. रात्री पुन्हा ताठ झाले. तिसऱ्या दिवशी ते उठलेच नाही, आणि दोन आठवड्यांत बारापैकी नऊ गेली. आम्ही बुरशीनाशक ओतले, किडीचे औषध मारले, कुणी सांगितले म्हणून ताकही घातले. काही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. तो रोग जिवाणूचा होता.

तो ओळखण्याची पद्धत नंतर कळली, ती प्रत्येकाने करून बघावी अशी आहे. मेलेल्या झाडाचा जमिनीजवळचा तीन बोटे लांबीचा दांडा स्वच्छ सुरीने कापायचा आणि काचेच्या ग्लासातल्या निवळ पाण्यात उभा लटकवायचा. हलवायचे नाही. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर जिवाणूजन्य मर. धागे आले नाहीत आणि दांडा आतून तपकिरी असेल तर बुरशीची मर. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. तीन वेगळे आजार, बाहेरून लक्षण एकच. आमच्या ग्लासात धागे उतरले तेव्हा दोघेही बराच वेळ नुसते बघत बसलो होतो. मेलेल्या झाडाने आपल्याला काहीतरी सांगितले असे पहिल्यांदाच वाटले.

या जिवाणूवर औषध नाही. झाड मातीसकट उपटून पिशवीत बांधून घराबाहेर घालवायचे, खतखड्ड्यात टाकायचे नाही. त्या वाफ्याचे फावडे दुसऱ्या वाफ्यात तसेच न्यायचे नाही. आणि त्या जागी किमान तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, ढबू, बटाटा यांपैकी काहीही लावायचे नाही, कारण ही सगळी एकाच कुळातली. लोक इथेच चुकतात. "टोमॅटो गेला म्हणून या वर्षी तिथं वांगी लावली" असे सांगतात. म्हणजे पाहुणा तोच, फक्त ताट बदलले. त्या जागी मका, घेवडा, पोकळा, मेथी लावावी. टोमॅटो हवाच असेल तर नव्या मातीच्या कुंडीत, आणि ती कुंडी वाफ्याचे पाणी वाहत येणार नाही अशा उंच जागी ठेवावी. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय फलोत्पादन संशोधन संस्था आहे. तिथे तयार झालेला 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटो जिवाणूजन्य मर, पाने आकसणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. चिंब मातीत तोही हरतो हे मात्र लक्षात ठेवावे.

पावसाळा संपला की टोमॅटोचे दुसरे दुखणे सुरू होते. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा चट्टा पडतो. कीड नाही, बुरशी नाही, पण अर्धी फळे फेकावी लागतात. दुकानात सांगितले की कॅल्शियमची पावडर देतात. चट्टा कॅल्शियम कमी पडल्याने येतो हे खरेच आहे, पण मातीत ते बहुतेक वेळा भरपूर असते. कॅल्शियम मुळाकडून फळाकडे जाते ते फक्त पाण्याबरोबर. पाणी तुटले की त्याची वाट तुटते, आणि वाढीच्या ऐन दिवसांत फळाच्या टोकाशी ते पोचत नाही. आता आपले पाणी कसे येते ते आठवा. राकसकोपचे असो की हिडकलचे, ज्यांच्या गल्लीत ते दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते, त्यांच्या कुंड्यांचेही वेळापत्रक तेच होते. पाण्याच्या दिवशी नळीने तुडुंब, मधले दिवस कोरडे. आम्ही नेमके हेच करत होतो. एक पिंप बाजूला ठेवून रोज सकाळी थोडे थोडे पाणी घालू लागलो, मातीवर चार बोटे पाचोळा पसरला आणि छोट्या कुंड्या बदलून पंधरा-वीस लिटरच्या बादल्या घेतल्या. पुढच्या घोसांत चट्टे जवळजवळ दिसले नाहीत. पावडरीचा डबा अजून न फोडलेला पडून आहे.

मिरचीची पाने आकसतात, त्याला कुणी चुरडामुरडा म्हणतात, कुणी बोकड्या. इथेही आधी पान बघायचे. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर ते काम फुलकिड्यांचे. कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल तर कोळी. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की फुलकिडे स्वल्पविरामासारखे पळताना दिसतात. मिरचीवरचा कोळी डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, भिंग लागते. फरक का महत्त्वाचा? कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय, तो त्या नावाच्याच मोठ्या प्राण्याचा भाऊबंद. किडीची पुष्कळशी औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे उपयोगी कीटक तेवढे मरतात आणि कोळी वाढतो. कोळ्यावर पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला दोन-तीन ग्रॅम, सकाळी लवकर मारावे, कडक उन्हात नाही. निंबोळी तेल मारले असेल तर पंधरा दिवस गंधक मारू नये, पाने करपतात. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क पुरेसे होतात. अर्क घरीच करता येतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळून लिटरभर करायचा आणि चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचा. उन्हाने त्याचा गुण जातो म्हणून संध्याकाळी. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र, तेलंगण आणि आपल्या कर्नाटकात परदेशातून आलेल्या काळ्या फुलकिड्याने मिरचीची शेतेच्या शेते झोपवली. तेव्हा चार कुंड्यांतली मिरची गेली म्हणून फार वाईट वाटून घेऊ नये.

हे सगळे आम्हाला आधी माहीत असते तर पुढचा प्रसंग घडला नसता. सांगायला संकोच वाटतो, पण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

मिरची अशीच आकसली होती. निपाणीकडचे आमचे एक नातलग घरी आले होते. त्यांनी झाड बघितले आणि म्हणाले, "दुकानाला कशाला पैसे घालता? तंबाखूचं पाणी मारा. घरगुती औषध, काही अपाय नाही." पुढच्या खेपेला त्यांनी तंबाखूच्या चुऱ्याची पिशवीच आणून दिली. आम्ही ओंजळभर चुरा रात्रभर भिजवला, सकाळी जुन्या पातेल्यात उकळला, गाळला आणि हातमोजे न घालता फवारला. वारा समोरून होता. तासाभरात डोके गरगरू लागले, हात कापायला लागले, उलटी झाली. पित्त झाले असेल म्हणून झोपून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा चार वर्षांचा नातू परड्यात गेला आणि मिरचीच्या शेजारच्या झाडावरचा टोमॅटो तोडून तिथेच खाऊ लागला. सौ.ने बघितले तेव्हा अर्धा संपला होता.

डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले, तंबाखूचे पाणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मुलाला दिवसभर नजरेसमोर ठेवले. सुदैवाने काही झाले नाही. पण त्या दिवशी दर दहा मिनिटांनी त्याची नाडी बघत बसलेले आम्ही, आणि घरी येऊन काही न बोलता परड्याचे दार बाहेरून बंद करणारी आमची सून, हे विसरता येत नाही. ते दार पुढे चार महिने तसेच बंद होते.

नंतर वाचले तेव्हा कळले की निकोटिन हे जुन्या काळचे जालीम कीटकनाशकच होते. ते कातडीतून अंगात शिरते. ओला तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना गरगरते, उलट्या होतात ते याच कारणाने. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून वापरायला आपल्या देशात बंदी आहे. आणि जे बाटलीत मिळायचे बंद झाले, ते आम्ही पातेल्यात तयार करत होतो. घरगुती म्हणजे निर्धोक असे नव्हे, आणि घरी उकळलेल्या काढ्यात किती विष उतरले हे मोजायला कुणाकडेच साधन नसते. वर आणखी एक गोष्ट. आमची पाने खाली वळलेली होती. म्हणजे कोळी. त्या काढ्याने त्याचे काही वाकडे झाले नाही.

तंबाखूचा दुसरा त्रास आपल्या भागात विशेष आहे. टोमॅटो आणि मिरचीच्या पानांवर गडद-फिके हिरवे ठिपके पाडणारा मोझॅइक नावाचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तंबाखू मळलेल्या किंवा विडी ओढलेल्या हाताने रोपाचे शेंडे खुडले की तो झाडात जातो, आणि तिथून पुढच्या प्रत्येक झाडात. घरात कुणाला सवय असेल तर परड्यात जाण्याआधी साबणाने हात धुवावेत. रोग दिसलेल्या झाडाला इलाज नाही, ते काढूनच टाकावे. सवयीबद्दल आम्ही काही बोलत नाही, ते ज्याचे त्याने घरात मिटवावे.

बाजारातल्या औषधांबद्दल एवढेच सांगतो की सुट्ट्या बाटलीत ओतून दिलेले काहीही घेऊ नये. मूळ बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याचे परसबागेत काम नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे, तरी 'थोडंसंच मारा' म्हणणारे भेटतात. कोणतेही औषध मारले तर तोडणीआधी किती दिवस थांबायचे ते बाटलीवर छापलेले असते. भेंडी, काकडी, दोडका एकदिवसाआड तोडावा लागतो. आठ-दहा दिवस थांबायला सांगणारे औषध अशा भाजीवर मारून फळ तसेच ठेवले तर ते जून होते, तोडले तर विष पोटात जाते. तेव्हा न मारणेच शहाणपणाचे.

वेलभाज्यांची तक्रार वेगळी असते : "फुलं भरपूर, फळ धरत नाही." वेलावर आधी दहा-पंधरा दिवस नुसती नरफुले येतात, तोवर थांबायचे. मादीफुलाच्या मागे बोटभर लहान फळ असते. ते पिवळे होऊन गळत असेल तर परागीभवन झाले नाही असे समजावे. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा ते काम आपण करायचे. नरफूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादीफुलाच्या मध्यावर हलके फिरवायचे. आम्ही हे दोन आठवडे रोज सकाळी दोडक्यावर करत होतो आणि एकही फळ धरत नव्हते. शेवटी शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "हिरेकाईचं फूल संध्याकाळी उमलतंय की हो, सकाळी काय करता?" खरेच की. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, काकडी, कारले, भोपळा सकाळी. शहाणपण कुंपणापलीकडे होते, आम्ही पुस्तकात शोधत होतो.

धरलेले फळ वाकडे होते, सडते, आत अळ्या निघतात, ते फळमाशीचे काम. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. फळ बोटाएवढे असतानाच त्याला जुन्या पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधली की सुटका. क्यू-ल्युअरचे सापळेही मिळतात, त्यात नरमाश्या अडकतात. पण एका घरी सापळा आणि शेजारी सडके दोडके पडलेले, असे असले तर उपयोग नाही. आमच्या गल्लीत पाच-सहा घरांनी मिळून ठरवले की किडके फळ परड्यात टाकायचे नाही, प्लॅस्टिक पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवायचे आणि मगच फेकायचे. त्या वर्षी फरक दिसला.

वेलभाजीबद्दल एक कडक सूचना. दुधी, दोडका, घोसाळे चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि सगळे फळ फेकून द्यावे. मसाला घातला, साखर घातली की जाईल असे म्हणू नये, शिजवूनही ते विष जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही असा रस पिऊ नये असे बजावले आहे. घरचे आहे, औषध मारलेले नाही, म्हणून ज्येष्ठ मंडळी हट्टाने पितात. तो हट्ट इथे नको.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते, झाड काढून टाकावे, वाट बघू नये. 'अर्का अनामिका', 'परभणी क्रांती' या जाती त्यासाठीच काढल्या, पण आता त्यांवरही तो कुठे कुठे दिसतो. वांग्याचा शेंडा लोंबला की आत अळी असते. इंचभर खालून शेंडा कापून चुरगाळावा, दर आठवड्याला. थंडीत वाटाणा, भोपळ्याच्या पानांवर भुरी येते, तिला ओले पान लागत नाही, कोरडी हवाही चालते. एक भाग दूध, नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा फवारावे. १९९९ साली ब्राझीलमध्ये भोपळ्याच्या जातीच्या भाजीवर हा प्रयोग झाला होता आणि चांगला ठरला होता. आमच्याकडेही ठरला. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात, हाताला पिशवी बांधून, कारण त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे जंतू असू शकतात. मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, मीठ मातीत टाकू नये. कोथिंबिरीचे धणे चपलेने रगडून दोन तुकडे करावेत. मार्चनंतर पेरली तर ती फुलोऱ्यावर जाते, त्यात आपला दोष नाही. माकडांवर आम्हाला अजून काही सुचलेले नाही.

दोष कुठे आहे हे दिसायला लागले ते वही केल्यापासून. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच विचारावर, की शेतकऱ्याने स्वतः बघावे, नोंदवावे आणि एकमेकांना सांगावे. आपल्यासारख्यांना एवढे जमायला हरकत नाही. आमची वही साधी शंभर पानांची आहे. तारीख, पाऊस होता का, काय लावले, कुठल्या वाफ्यात, काय बिघडले, काय केले. पुण्या-मुंबईची लागवडीची तक्ते आपल्याला लागू पडत नाहीत हे त्या वहीनेच दाखवले. आमच्या नोंदीप्रमाणे पावसाळ्याच्या मध्यावर लावलेला टोमॅटो सलग तीन वर्षे गेला, नवरात्राच्या सुमारास लावलेला तीनही वर्षे आला. जुलैमध्ये आता आम्ही वाफ्यात पोकळा, पडवळ आणि रताळ्याचे वेल एवढेच ठेवतो. रताळे आपल्या बेळगावच्या पश्चिम भागाचे पीक, उतारावर लावले की पाऊस सोसते.

परड्याचे दार आता उघडे असते. नातू दुसरीत गेला. पिशव्या बांधलेले दोडके मोजून वहीत आकडा लिहायचे काम त्याच्याकडे आहे. मेलेल्या वाफ्याची तीन वर्षे येत्या दसऱ्याला पूर्ण होतात. तिथे पुन्हा टोमॅटो लावायचा की आणखी एक वर्ष मकाच ठेवायचा यावर घरात एकमत नाही. तूर्त चारच रोपे लावून बघायचे ठरते आहे, आणि ग्लास हाताशी ठेवायचा.